विक्री झाली, पैसे कधी येणार?

उदयोन्मुख बाजारपेठेत एखादा स्टार्टअप बंद पडला की निदान ठरलेलं असतं: ग्राहकांची ऐपत नव्हती, बाजार अजून तयार नव्हता. बऱ्याचदा हे खरं नसतं. मागणी असते, ऑर्डरी येत असतात, शेवटच्या महिन्यातही विक्रीचा आलेख वरच जात असतो. आटतं ते खेळतं भांडवल. माल गेला पण पैसा वाटेत अडकला, पैसा आला पण तोवर चलन घसरलं, कर्ज वाटलं पण वसुलीचं खरं चित्र तीन महिन्यांनी दिसणार, अशा फटींतून कंपनी रिकामी होत जाते. म्हणून इथे टिकायचं तर उत्पादनाइतकंच लक्ष एका प्रश्नावर द्यावं लागतं. ग्राहकाच्या खिशातून निघालेला पैसा आपल्या खात्यात किती दिवसांनी, कोणत्या चलनात आणि कोणाकोणाच्या हातातून येतो?

उदाहरणांतल्या रकमा कुठल्याही चलनात धरा. बघायचं आहे ते प्रमाण.

दारात पैसे देणारा ग्राहक

कार्डं थोड्यांकडे आणि न पाहिलेल्या विक्रेत्यावर भरवसा त्याहून थोड्यांचा, अशा ठिकाणी कॅश ऑन डिलिव्हरी टाळता येत नाही. भारतात फ्लिपकार्टने २०१० मध्ये ती सुरू केली आणि मग सगळ्यांनाच करावी लागली. आफ्रिकेत जुमिया या ऑनलाइन विक्री कंपनीचंही तेच. विक्री वाढते यात शंका नाही. पण हिशेब मांडून बघा.

१०० ऑर्डरी, प्रत्येकी १,००० च्या. ढोबळ नफा २० टक्के, म्हणजे पोचलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे २००. पाठवणी ६०, परत आणणंही ६०, पॅकिंग १५, रोख गोळा करायचं कुरिअरचं शुल्क २ टक्के म्हणजे २०. दारातून २५ पार्सलं परत आली. पोचलेल्या ७५ वर नफा १५,०००. खर्च: पाठवणी ६,०००, परतीची वाहतूक १,५००, पॅकिंग १,५००, रोख शुल्क १,५००. परत आलेल्या २५ पैकी तीनचा माल डागाळला किंवा खोका फुटला आणि तो खरेदीच्या निम्म्या भावात काढावा लागला, म्हणजे आणखी १,२००. एकूण ११,७००. हातात राहिले ३,३००. जाहिरात, कॉल सेंटर, गोदामाचं भाडं, पगार हे सगळं यातून.

आता परतीचं प्रमाण २५ वरून ३५ टक्क्यांवर न्या. त्याच रीतीने केलेला हिशेब ५०० वर येतो. उलट १५ टक्क्यांवर आणलं तर ६,१०० उरतात. दहा टक्क्यांच्या या फरकावर धंदा तरतो किंवा बुडतो, आणि तरी कित्येक कंपन्यांत परतीचा आकडा महिन्याच्या अहवालात सातव्या-आठव्या पानावर असतो. तो रोज, जिल्हावार आणि विक्रेत्यानुसार दिसायला हवा. सरासरीत काही कळत नाही. एकूण २५ टक्क्यांच्या पोटात एखाद्या भागातली ४५ टक्के परत लपलेली असते, आणि तिथली प्रत्येक ऑर्डर तोट्याची असते.

पार्सलं परत येण्याची कारणं मोजकीच असतात: पत्ता सापडला नाही, फोन लागला नाही, घरात त्या दिवशी रोकड नव्हती, उशीर झाला आणि तोवर मन बदललं, किंवा ऑर्डर सहज गंमत म्हणून टाकलेली होती. डिलिव्हरी बॉय यांतलं कुठलंही कारण असलं तरी ‘ग्राहक घरी नाही’ एवढंच टिपतो, कारण अ‍ॅपमध्ये तेच बटण पहिलं असतं. त्यामुळे कारणांची आकडेवारी हाती घेण्याआधी रोज वीस-पंचवीस ग्राहकांना स्वतः फोन करून ती ताडून बघावी.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. ऑर्डर आल्यावर दोन तासांच्या आत खात्रीचा मेसेज किंवा फोन. उत्तर आलं नाही तर माल गोदामातून हलवायचाच नाही. पत्त्याच्या रकान्यात जवळची ठळक खूण सक्तीची. पोचवण्याच्या आदल्या संध्याकाळी रकमेचा मेसेज, म्हणजे घरात पैसे काढून ठेवले जातात. दोनदा नाकारणाऱ्या नंबरला रोखीची सोय बंद. महागड्या वस्तूवर ५ ते १० टक्के आगाऊ. ही रक्कम छोटी असली तरी गंमत म्हणून ऑर्डर टाकणारे तिथेच गळतात.

आधी पैसे भरणाऱ्याला सूट द्यावी का? वरच्याच आकड्यांत बघू. आगाऊ भरलेल्या ऑर्डरींत परत ३ टक्के आणि पेमेंट गेटवेचं शुल्क २ टक्के धरलं तर १०० ऑर्डरींवर साधारण ९,८०० उरतात. रोखीवर ३,३०० उरत होते. म्हणजे ऑर्डरीमागे ४० ची सूट दिली तरी आपण पुढेच. फक्त ही सूट आधीपासून ऑनलाइन भरणाऱ्यांनाही सरसकट दिली तर पैसे वाया जातात. आजवर दोन-तीनदा रोखीने घेतलेल्या ग्राहकाला, त्याच्या पुढच्या एका ऑर्डरीपुरती द्या. त्याचा भरवसा आता बसलेला असतो. उणीव असते ती एका हलक्या धक्क्याची.

आणि ती गोळा झालेली रोकड? डिलिव्हरी बॉयच्या खिशात संध्याकाळपर्यंत त्याच्या निम्म्या पगाराएवढी रक्कम जमते. चोरीचा किंवा लुटीचा धोका असतोच, पण नेहमी घडतं ते वेगळं: आज थोडी रक्कम घरखर्चाला वापरायची आणि उद्याच्या वसुलीतून भरायची. महिन्याभरात हा खड्डा त्याला भरता येणार नाही एवढा होतो आणि मग तो कामावर यायचाच बंद होतो. खिशातल्या रोकडीला मर्यादा हवी. ती गाठली की अ‍ॅपने पुढची ऑर्डर द्यायची नाही, आधी भरणा करायचा. ताळमेळ रोजच्या रोज आणि माणसागणिक. आठवड्याने केलेल्या ताळमेळात फक्त झालेलं नुकसान कळतं.

पस्तीस दिवसांचं व्याज

माल गोदामात २० दिवस, वाटेत ५ दिवस, कुरिअरकडून पैसे यायला १० दिवस. एकूण ३५. नव्या कंपनीला पुरवठादार उधारी देत नाही, तेव्हा हे सगळे दिवस आपल्या पैशाचे. रोजची विक्री १ लाखाची आणि मालाची खरेदी ८०,००० ची असेल तर २८ लाख कायमचे अडकलेले. विक्री दुप्पट झाली की आणखी २८ लाख लागतात, आणि ते नफा हाती यायच्या आधी. वेगाने वाढणारी कंपनी याच कारणाने बुडते. बाहेरच्यांना मात्र हे कोडं वाटतं.

या देशांत व्याजदरही चढे असतात. २४ टक्के धरले तर खरेदीवरचं ३५ दिवसांचं व्याज विक्रीच्या १.८ टक्के होतं. वर रोखीच्या ऑर्डरींवर जे ३,३०० उरले होते ते विक्रीच्या ४.४ टक्केच होते. म्हणजे उरलेल्यातलं चाळीस टक्के व्याजातच गेलं, आणि नफातोट्याच्या पत्रकात ते ‘इतर खर्च’ म्हणून कुठेतरी खाली दिसणार.

दिवस कमी करायच्या जागा तीनच. कुरिअरशी करार करताना दर दोन पैशांनी कमी करून घेण्याऐवजी भरणा दर दुसऱ्या दिवशी मागा. अशा वाटाघाटीत मी तरी नेहमी दराच्या आधी दिवस मागेन. गोदामातला जो माल ४५ दिवसांत हलला नाही तो किंमत पाडून काढा. तो पुढेही हलणार नसतो, फक्त रोज जुना होत जातो. तिसरी जागा पुरवठादार. पहिले सहा महिने ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी पैसे देत राहिलात की सात दिवसांची उधारी मागता येते, मग पंधराची. मोठी ऑर्डर देऊन उधारी मागण्यापेक्षा हा रस्ता खात्रीचा, कारण पुरवठादार तुमच्या ऑर्डरीच्या आकारापेक्षा तुमच्या तारखा लक्षात ठेवतो.

एजंटच्या गल्ल्यात डोकावून

केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा सुरू केलं. त्याआधी २००५ च्या चाचणीत कल्पना निराळी होती: सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरून घ्यायचे. चाचणीतले लोक मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरू लागले. कंपनीने हप्त्यांचा पसारा बाजूला ठेवला आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढंच विकलं. हा किस्सा सगळे सांगतात. पण एम-पेसा टिकलं त्यामागचं दुसरं काम फारसं चर्चेत येत नाही, ते म्हणजे एजंटकडची, म्हणजे लोकांचे पैसे खात्यात भरून घेणाऱ्या आणि काढून देणाऱ्या दुकानदाराकडची, रोकड संपू न देणं.

एजंटकडे दोन साठे असतात: हातातली रोकड आणि फ्लोट, म्हणजे मोबाइल खात्यातली शिल्लक. कोणी पैसे भरले की रोकड वाढते, फ्लोट घटतो; कोणी काढले की उलट. शहरात लोक भरतात, गावात काढतात. म्हणजे शहरातल्या एजंटचा फ्लोट आटतो आणि गावातल्याची रोकड. समजा गावातला एजंट सकाळी ५०,००० रोख घेऊन बसला. बाजारचा दिवस आहे. प्रत्येकी २,००० काढणारे २५ जण आले की गल्ला रिकामा. सव्विसावी बाई लांबून चालत आलेली असते आणि ती तशीच परत जाते. एजंटला दर व्यवहारामागे १२ मिळतात, म्हणजे ३०० कमावले. आता रोकड आणायला बँकेत जायचं तर ६० प्रवासाचे आणि दोन तास दुकान बंद. अशा दोन फेऱ्या झाल्या तर कमाईतले १२० गेले, वर चार तासांचं गिऱ्हाईक गेलं. दोन महिन्यांनी तो पाटी तशीच ठेवतो पण ‘आज सिस्टीम बंद आहे’ म्हणून सांगू लागतो. तुमच्या नकाशावर तो चालू एजंट असतो.

म्हणून साठ्याचं प्रमाण सरासरीवरून ठरवू नका. गेल्या चार आठवड्यांतल्या सगळ्यांत जड दिवसाची निव्वळ उचल बघा आणि तिच्या दीडपट साठा धरा. पगाराचा आठवडा, शाळेच्या फीचे दिवस, सुगीनंतरचा हंगाम यांचं वेगळं कॅलेंडर लागतं. साठा तीस टक्क्यांवर आला की एजंटला नव्हे, त्याच्यावरच्या वितरकाला इशारा जायला हवा, आणि रोकड दुकानापर्यंत पोचवायचं काम त्या वितरकाचं; त्याचं कमिशन एजंटाच्या अखंड चालू राहण्याशी बांधलेलं. आणि एजंटांची संख्या वाढवण्याची घाई नको. एका चौकात चार एजंट केले की चौघांचंही कमिशन एवढं कमी होतं की कोणालाच रोकड बाळगणं परवडत नाही. गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात एजंटांचा एकूण आकडा छान दिसतो. विचारायचा आकडा म्हणजे काल किती एजंटांनी एकालाही परत पाठवलं नाही.

हे फक्त पैशांच्या सेवेला लागू आहे असं नाही. बियाणं, औषधं, गॅस, मोबाइल रिचार्ज, जे काही स्थानिक दुकानदारामार्फत विकलं जातं तिथे हाच पेच असतो. दुकानदाराचं भांडवल मर्यादित आहे आणि तुमचा माल त्याच्या बाकी सगळ्या मालाशी त्या भांडवलासाठी भांडतो आहे.

कमाई एका चलनात, देणी दुसऱ्यात

नायजेरियात जून २०२३ मध्ये विनिमय दरावरचं नियंत्रण सैल केलं तेव्हा डॉलरला साधारण ४६० नायरा पडत होते. २०२४ च्या सुरुवातीला १,५०० च्या वर गेले. इजिप्तमध्ये मार्च २०२४ मध्ये एका दिवसात डॉलर सुमारे ३१ पौंडांवरून ५० च्या आसपास गेला. ज्या कंपन्यांची विक्री स्थानिक चलनात दीडपट झाली होती त्यांच्याही डॉलरमधल्या हिशेबात घसरणच दिसली. गुंतवणूकदाराला उत्तर देणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे क्लाउडचं बिल, आयात केलेली उपकरणं आणि परदेशी कर्जाचा हप्ता, हे सगळं डॉलरमध्येच द्यायचं असतं.

उपकरण हप्त्यावर विकणाऱ्या कंपनीचा हिशेब करून बघा. पूर्व आफ्रिकेत एम-कोपाने २०१२ पासून सौरसंच असेच विकले: सुरुवातीला थोडी रक्कम, मग मोबाइलवरून रोजचे छोटे हप्ते, हप्ता चुकला की संच दूरूनच बंद. समजा संचाचा सगळा खर्च डॉलरमध्ये १०० आहे. वसुली बारा समान मासिक हप्त्यांत, स्थानिक चलनात. वर्षभरात चलन सावकाश ३० टक्के घसरलं तर हप्त्यांचं डॉलरमधलं मोल सरासरी ८४ उरतं. त्यातले १० टक्के बुडाले तर ७५. म्हणजे नुसतं मुद्दल परत यायला संच १३३ ला विकावा लागतो, आणि यात पगार, दुरुस्ती, व्याज काहीही धरलेलं नाही. विक्रीच्या दिवशी ३० टक्के नफा दिसणारा हा व्यवहार मुळातच तोट्याचा होता.

फॉरवर्ड करार करून, म्हणजे पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच ठरवून, धोका झाकता येतो, असं पुस्तकी उत्तर आहे. पण दोन चलनांच्या व्याजदरांत जेवढं अंतर, तेवढी त्याची किंमत. अंतर २० टक्क्यांचं असेल तर विमाच नुकसानाएवढा महाग. शिवाय डॉलरची टंचाई असते तेव्हा बँका करार करायलाच तयार नसतात. मग हाताशी राहतात साधे उपाय. भांडवल डॉलरमध्ये उभं केलं असेल तर पुढच्या बारा महिन्यांचा डॉलरखर्च डॉलरमध्येच ठेवा आणि बाकीचं गरजेप्रमाणे महिन्याला बदलून घ्या, सगळं एकदम नाही. हप्त्यांची मुदत बारावरून आठ महिने करता येते का ते बघा. घसरणीतलं नुकसान मुदतीबरोबर वाढतं. कंपन्यांशी केलेल्या वार्षिक करारात, विनिमय दर १० टक्क्यांहून जास्त हलला तर भाव फेरठरवायचं कलम हवं. सुटे भाग स्थानिक मिळत असतील तर ते थोडे महाग पडले तरी घ्या. आणि स्थानिक कमाईवर डॉलरचं कर्ज घेऊ नका. त्याचा व्याजदर ९ टक्के आणि स्थानिक बँकेचा २४, हे बघून मोह होतो. त्या दोहोंमधला फरक म्हणजे बाजाराने आधीच बांधलेला घसरणीचा अंदाज असतो.

वाढीमागे लपणारी थकबाकी

पुढेमागे बहुतेक सगळे स्टार्टअप कर्ज देऊ लागतात, कारण नफा तिथे दिसतो. दुकानदाराला मालावर उधारी, शेतकऱ्याला बियाण्यावर, ड्रायव्हरला गाडीवर. इथे एक फसवा आकडा भल्याभल्यांना चकवतो.

पहिल्या महिन्यात १०० वाटले, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात ४००, चौथ्यात ८००. प्रत्येक महिन्याच्या वाटपातले १० टक्के बुडणार आहेत, पण ते तीन महिन्यांनी कळतं. चौथ्या महिन्याच्या शेवटी बुडीत दिसतात पहिल्या महिन्यातले १०, आणि एकूण वाटप १,५००. प्रमाण ०.७ टक्के! संचालक मंडळ खूश होतं, वाटप आणखी वाढवायला सांगतं. ज्या महिन्यात वाटप थांबेल त्या महिन्यापासून खरा आकडा वर येऊ लागतो, आणि लोक समजतात की परिस्थिती अचानक बिघडली.

म्हणून थकबाकी महिन्याच्या तुकडीप्रमाणेच मोजायची. जानेवारीत दिलेल्या कर्जांपैकी ३०, ६०, ९० दिवसांनी किती आलं. फेब्रुवारीतल्यांचं त्याच वयाला किती. नवी तुकडी जुनीपेक्षा वाईट वागत असेल तर वाटप त्याच आठवड्यात कमी करायचं, बिघाडाचं कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. जुनं कर्ज नव्या कर्जाने फिटतंय का तेही पाहावं लागतं. कर्मचाऱ्यांचा बोनस वसुलीवर असेल तर ते ग्राहकाला मोठं नवं कर्ज देऊन जुनं फेडून घेतात आणि कागदावर सगळं वेळेवर दिसतं.

पहिलं कर्ज बुडालं तरी चालेल एवढं छोटं द्या. ब्राझीलमध्ये नुबँक या डिजिटल बँकेने क्रेडिट कार्डाची मर्यादा अशीच छोटी ठेवून परतफेड बघत वाढवली. जिथे ग्राहकाचा पतइतिहासच नाही तिथे पहिलं कर्ज ही माहितीची किंमत असते, आणि ती जाहिरातीच्या खर्चात धरावी.

नियम बदलेल, हे धरूनच

लागोसमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये शहराच्या मोठ्या भागात मोटारसायकल टॅक्सींवर बंदी आली. त्याच धंद्यात असलेल्या गोकाडाला प्रवासी सोडून पार्सलं पोचवण्याकडे वळावं लागलं. भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचं व्यापारी शुल्क शून्य झालं. पेमेंट हाच ज्यांचा धंदा होता त्यांना कमाई दुसरीकडे शोधावी लागली. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रीपेड कार्डात कर्जाची रक्कम भरायला मनाई केली तेव्हा त्या रचनेवर उभी असलेली कार्डं बंद पडली. इंडोनेशियाने २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या थेट विक्रीवर बंदी घातली.

या सगळ्यांत एक धागा आहे. बंदी अचानक आली असं म्हणतात, पण त्या रचना बहुधा नियमांच्या फटीत उभ्या होत्या. नियम नसणं म्हणजे परवानगी नव्हे. नियामकाने अजून तुमच्याकडे पाहिलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. कमाईच्या प्रत्येक वाटेसमोर लिहून काढा: ही कोणत्या परवान्यावर किंवा परिपत्रकावर चालते, परवाना कोणाच्या नावावर आहे, तो उद्या गेला तर किती टक्के उत्पन्न जातं. तिसऱ्या रकान्यात ४० टक्क्यांच्या वरचा आकडा असेल आणि परवाना दुसऱ्याचा असेल, तर स्वतःच्या परवान्याची तयारी आजच सुरू करावी लागते. त्याला महिने नाही, बऱ्याचदा वर्षं लागतात. भागीदार बँकेच्या करारात ९० ऐवजी १८० दिवसांची नोटीस आणि ग्राहकांची माहिती बाहेर नेण्याचा हक्क मागून घ्या. बँक सुरुवातीला हसते, पण ग्राहक लाखात जायच्या आधीच ते मिळण्याची शक्यता असते.

ग्राहकांच्या ठेवींना हात लावू नका, एक रात्रसुद्धा. एम-पेसाच्या ग्राहकांचे पैसे सुरुवातीपासून बँकांतल्या विश्वस्त खात्यात वेगळे होते, आणि केनियाच्या मध्यवर्ती बँकेला शंका घ्यायला जी पहिली जागा असते ती त्यामुळे उरली नाही.

दुसरा देश

जुमिया २०१२ मध्ये सुरू झाली, एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क शेअरबाजारात नोंदली गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅमेरून आणि टांझानियातून बाहेर पडली. तेव्हा तिचा पसारा डझनभराहून जास्त देशांत होता. प्रत्येक देशाचं चलन वेगळं, सीमाशुल्क वेगळं, पेमेंटची सवय वेगळी, रस्ते वेगळे. एका देशात शिकलेलं पलीकडे फारसं कामाला येत नाही, आणि देश छोटा असला तरी ऑफिस, वकील आणि हिशेबनीस मात्र पूर्णच लागतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या मर्कादो लिब्रेनेही लॅटिन अमेरिकेत लवकरच अनेक देश धरले, पण तिथे सुरुवातीला ती विक्रेते आणि ग्राहक यांची गाठ घालून देत होती; माल तिचा नव्हता, गोदाम तिचं नव्हतं. पुढे पेमेंटची सेवा आली आणि त्याच्या बऱ्याच नंतर वाहतुकीची. हलकं ओझं घेऊन सीमा ओलांडता येते. जड धंदा असेल तर पहिल्या देशातल्या दुसऱ्या-तिसऱ्या शहरात जाणं स्वस्त पडतं, आणि तिथे मागणी बहुधा अंदाजापेक्षा जास्तच निघते.

दुसऱ्या देशाची तयारी झाली आहे का, याची माझी कसोटी साधी आहे: पहिल्या देशात संस्थापक सहा आठवडे ऑफिसात आला नाही तरी रोजचा रोकड ताळमेळ चुकत नाही ना?

तेरा आठवड्यांचा कागद

वरचं सगळं एका तक्त्यात उतरतं. आडव्या रांगेत पुढचे तेरा आठवडे. उभ्या रकान्यात आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, मग येणं: प्रत्येक कुरिअरचा भरणा त्याच्या खऱ्या दिवसांप्रमाणे, करारातल्या नव्हे. प्रत्येक तुकडीची वसुली तिच्या वयाप्रमाणे. गुंतवणुकीची रक्कम बँकेत जमा होईपर्यंत शून्य, सही झाली असली तरी. परदेशातून येणाऱ्या पैशाला बँकेची कागदपत्रं, केवायसी आणि मध्यवर्ती बँकेची नोंद यांत तीन-चार आठवडे सहज जातात. मग देणं: पगार, पुरवठादार, कर, भाडं, आणि डॉलरची देणी वेगळ्या ओळीत, आजच्या दराने एकदा आणि २० टक्के घसरलेल्या दराने दुसऱ्यांदा. खालच्या ओळीत उरलेली शिल्लक.

दर सोमवारी गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक लाल शाईने त्याच कागदावर. येण्याच्या बाजूचा फरक सलग तीन आठवडे एकाच दिशेचा असेल तर अंदाज बांधणाऱ्याला दोष देऊ नका, त्या ओळीचे दिवस बदला. आणि खालची शिल्लक पुढच्या तेरांपैकी कुठल्याही आठवड्यात दोन महिन्यांच्या पगाराखाली गेली तर त्याच दिवशी नवी खरेदी थांबवायची, पुरवठादारांना तारखा पुढे ढकलण्याबद्दल स्वतः फोन करायचा, आणि मग गुंतवणूकदाराला. क्रम हाच. पुरवठादाराला आठ आठवडे आधी कळलं तर तो सवलत देतो. चेक परत गेल्यावर कळलं तर पुढचा माल रोखीवरच मिळतो, आणि मिळवलेली उधारी जाऊन पुन्हा सगळे पस्तीस दिवस आपल्या पैशाचे होतात.